मुठीत राहिलेली लढाई

लष्करी अधिकाऱ्याची समारंभाची तलवार समोर आली की बघणाऱ्याची नजर आधी पात्यावर जाते. पातं सरळ, लखलखीत, उन्हात डोळ्यांवर तिरीप मारणारं. त्याच्याकडे नजर जाणारच. मी मात्र आधी मूठ बघतो, आणि मुठीतही परज. बोटांवरून वळसा घेऊन हाताला झाकणारा हा धातूचा भाग तलवारीचं सगळं कूळ सांगतो. ती कोणत्या काळात घडली, तिला भोसकायचं होतं की कापायचं होतं, धरणारा घोड्यावर होता की पायी, समोरच्याचा वार तिला कुठून येईल असं वाटत होतं, हे सगळं परजेच्या घडणीत दिसतं. पात्यावर वेलबुट्टी कुणीही कोरतो. परज चुकली तर ती वेलबुट्टी वाया जाते.

सांगवीत राहणाऱ्याला फौज नवी नाही. एका अंगाला औंधचा कॅम्प, पवनेपलीकडे दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, मुळेपलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आणि दारूगोळ्याचा कारखाना. गल्लीत एखादं तरी घर निवृत्त फौजीचं असतंच. नव्या सांगवीतल्या अशाच एका घरी बैठकीच्या भिंतीवर पायदळाच्या अधिकाऱ्याची तलवार आहे, पलटणीनं निरोपाच्या वेळी दिलेली. कर्नलसाहेबांनी ती खाली काढली आणि म्हणाले, "पात्याला बोटं लावू नका, घामाचे डाग पडतात. मूठ मात्र हवी तेवढा वेळ धरा." त्यांना माझी आवड ठाऊक असावी असंच वाटलं. मूठ मी बराच वेळ धरली, आणि या लेखातलं पुष्कळसं तिथूनच सुरू झालं.

परेडवर हिला किर्च म्हणतात. 'निकाल किर्च', 'वापस किर्च' असे हुकूम सुटतात. आपल्या पायदळाच्या किर्चेची घडण इंग्रजांच्या १८९७ च्या नमुन्यातून आलेली आहे, आणि तो नमुना एका दिवसात कागदावर उतरलेला नव्हता. १८२२ मध्ये इंग्रज पायदळ अधिकाऱ्यांना पितळी गजांची परज मिळाली. गज नाजूक वळणाचे, मधल्या फटी मोठ्या. दिसायला ती फार देखणी होती, पण मऊ पितळ वाकायचं आणि फटीतून शत्रूच्या तलवारीचं टोक आत शिरायचं. पुढची सत्तर वर्षं अधिकारी कुरकुरत राहिले. शेवटी १८९२ मध्ये पातं बदललं आणि १८९५ मध्ये परज. पितळी गज गेले, त्यांच्या जागी पोलादी पत्र्याची अखंड परज आली, नक्षीत कातरलेली. हात पुरता झाकला गेला, पण एक नवी अडचण उभी राहिली. तलवार कमरेला लटकत असताना परजेची आतली कड अंगरख्याला घासायची आणि कापड झिजायचं. म्हणून १८९७ मध्ये ती आतली कड खाली वळवली. बदल एवढाच, आणि नमुन्याला नाव पडलं त्या वर्षाचं.

सांगवीतल्या त्या तलवारीच्या परजेवरून अंगठा फिरवला की ती वळवलेली कड हाताला लागते. बाहेरची कड धारदार वाटावी इतकी नेटकी, आतली गोल, मऊ. १२५ वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लाल अंगरख्याची शिवण उसवत होती, त्याचं उत्तर आज ऑलिव्ह हिरव्या गणवेशाशेजारी लटकतं आहे. समारंभी वस्तूतलं खरं सौंदर्य मला अशा ठिकाणी सापडतं. डौलासाठी म्हणून बसवलेला भाग पटकन ओळखू येतो. कामासाठी घडलेला आणि काम संपल्यावर डौल म्हणून उरलेला भाग वेगळ्या वजनाचा असतो. अधिकाऱ्याच्या तलवारीत असे भाग मुठीपासून म्यानापर्यंत आहेत, आणि जिथे ते शाबूत ठेवले आहेत तिथेच ती तलवार सुंदर आहे, असं माझं मत आहे.

परजेच्या मधोमध पूर्वी इंग्रज राजाची किंवा राणीची आद्याक्षरं असत, एकमेकांत गुंतवलेली. आता तिथे अशोकस्तंभाचे सिंह आहेत. हा बदल होणं योग्यच होतं, पण कारागिरीच्या दृष्टीनं तो सोपा नव्हता. आद्याक्षरं म्हणजे रेषा. पत्रा कातरून काढायच्या नक्षीत रेषा सहज मिसळून जातात. सिंह म्हणजे आकारमान. सारनाथच्या दगडात ते चहूबाजूंनी घडलेले आहेत, त्यांच्या आयाळीला खोली आहे. ते सपाट पत्र्यातून नुसते कापून काढले तर शिक्का मारल्यासारखे दिसतात. जिथे कारागिरानं छिन्नी चालवून आयाळीच्या बटा आणि छातीची गोलाई उठवली आहे, तिथे मात्र तीच परज जिवंत होते. कर्नलसाहेबांच्या तलवारीवरचे सिंह या दोहोंच्या मधले आहेत. बटा आहेत, पण चेहरे घाईनं केलेले. मला रुखरुख लागली ती एवढीच.

मुठीच्या पकडीवर काळं, दाणेदार आवरण आणि त्यावर पीळ दिलेल्या तारेचे वेढे. जुन्या तलवारींत हे आवरण रे माशाच्या कातड्याचं असे, कारण ओल्या हातातूनही ते निसटत नाही. पकडीच्या पाठीवर पोलादी पट्टी, आणि जिथे अंगठा टेकतो तिथे बारीक आडव्यातिडव्या रेषांची चौकडी. इथे अंगठा ठेवला की मनगट आपोआप सरळ होतं आणि पात्याचं टोक समोर रोखलं जातं. ही तलवार भोसकण्यासाठी आहे, हे पातं न बघताही अंगठ्याला कळतं. पातंही तेच सांगतं. १८९२ चं हे पातं जवळजवळ साडेबत्तीस इंच लांब, सरळ आणि चिंचोळं. मुठीकडच्या भागात दोन्ही बाजूंना खोल पन्हळ आहे, त्यामुळे वजन घटतं पण पातं लवत नाही. पुढे पन्हळ संपते आणि पातं कणखर, निमुळतं होत टोकाला जातं. समारंभाच्या तलवारीला धार लावत नाहीत. तरी पन्हळ आहे, निमुळतेपणा आहे, तोल आहे. परजेपासून चारपाच बोटांवर पातं तर्जनीवर आडवं ठेवलं तर ते जवळजवळ स्थिर राहतं. किलोच्या आतली ही वस्तू उचलल्यावर वजनापेक्षा हलकी लागते, ती या तोलामुळे.

मुठीला गोंडा असतो. सोनेरी दोरी, आणि टोकाला ओकच्या फळाच्या आकाराचा गुंडा. तो संचलनात हलतो तेव्हा फार शोभून दिसतो. मूळ गोंडा म्हणजे मनगटात अडकवायचा कातडी फास. धावत्या घोड्यावरून तलवार हातातून सुटली तर ती मातीत न पडता मनगटाला लटकत राहावी, यासाठी. आज दोरी मुठीभोवती ठरलेल्या पद्धतीनं गुंडाळतात, मनगट तिच्यात कधी जात नाही. फासाची जागा मात्र तिनं सोडलेली नाही.

कमरेच्या पट्ट्याचीही हीच कथा, आणि ती तर आपल्याच भूमीवर घडली. सॅम ब्राउन नावाचा घोडदळाचा अधिकारी १८५८ च्या ऑगस्टअखेर उत्तर हिंदुस्थानात तोफेवर चाल करून गेला आणि डावा हात गमावून बसला. एरवी घोडेस्वार डाव्या हातानं म्यान धरून उजव्यानं तलवार उपसतो. याला म्यान धरायला हातच उरला नाही. म्हणून त्यानं म्यान स्थिर राहील असा जाड कातडी कमरपट्टा केला आणि तो तोलून धरायला उजव्या खांद्यावरून तिरका पट्टा घेतला. एका माणसाच्या तुटलेल्या हातासाठी शोधलेली ही युक्ती जगभरच्या सैन्यांनी आणि पोलीस दलांनी उचलली. आपल्याकडेही संचलनात अधिकाऱ्याच्या छातीवरून तो पट्टा जातो. तो बघताना मला नेहमी न दिसणारा डावा हात आठवतो.

आता थोडं स्पेनकडे वळायला हवं, कारण अधिकाऱ्याच्या तलवारीचा विचार तोलेदोला टाळून होत नाही. ताहो नदीच्या काठचं हे गाव पात्यांसाठी शतकानुशतकं नावाजलेलं. तिसऱ्या कार्लोस राजानं १७६१ मध्ये तिथे सरकारी तलवार कारखाना काढला, आणि फ्रान्सेस्को साबातिनी या वास्तुकारानं त्यासाठी नदीकाठी प्रशस्त इमारत बांधली. जुन्या तोलेदोच्या पात्याची घडण ऐकण्यासारखी आहे. मधे मऊ लोखंडाची पट्टी, तिला ते आत्मा म्हणत. दोन्ही बाजूंनी पोलाद. तिन्ही एकत्र तापवून ठोकून एकजीव करायचं. बाहेर कठीण धार, आत लवचीक गाभा. वाकवलं तर वाकेल, सोडलं तर सरळ होईल. एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या पात्यांवर कारखान्याचं नाव आणि साल आढळतं. कित्येक जुन्या स्पॅनिश पात्यांवर मालकाला उद्देशून दोन ओळीही असतात: कारणावाचून मला उपसू नकोस, अब्रूवाचून मला म्यान करू नकोस. शोभेसाठी कोरलेल्या मजकुराला इतकी करडी अट घालता येते हे मला आवडतं. तलवार स्वतः मालकाला बजावते आहे.

स्पॅनिश घोडदळाची १९०७ ची तलवार पुएर्तो सेगुरो या नावानं ओळखली जाते. ती घडवण्यात ज्या सरदाराचा मोठा वाटा होता त्याचं ते बिरुद. तिची परज म्हणजे एक भली मोठी पोलादी वाटी, जवळजवळ नक्षीविरहित. पातं अरुंद, ताठ, पूर्णपणे भोसकण्यासाठी. मूठ हाताच्या वळणाला अशी जुळवलेली की चुकीची धरताच येऊ नये. इंग्रजांनी पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, याच विचाराची घोडदळाची तलवार काढली, आणि अमेरिकेत तरुण लष्करी अधिकारी पॅटननं १९१३ मध्ये. तिन्ही तलवारी घोडदळाच्या शेवटच्या पिढीच्या. तोवर मशीनगन आलेली होती. तरीही स्पॅनिश घोडदळानं मोरोक्कोत आपल्या तलवारी उपसल्या. जुलै १९२१ मध्ये आन्वालच्या पराभवानंतर माघार घेणाऱ्या सैन्याला वाचवण्यासाठी अल्कांतारा रेजिमेंटनं पुन्हापुन्हा घोडे घातले आणि रेजिमेंटमधले बहुतेक स्वार परत आले नाहीत. स्पेनमध्ये अधिकाऱ्यांच्या कमरेला संचलनात आजही पुएर्तो सेगुरोचा घाट दिसतो, आणि मला तो इतर कुठल्याही युरोपीय तलवारीपेक्षा अधिक भारदस्त वाटतो. त्यात सोनं जवळजवळ नाही. एका कोऱ्या, गोल, उजळ पत्र्यावर आख्खं संचलन उलटं होऊन उमटतं, एवढाच दागिना.

तोलेदोतला तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला आणि इमारतीत विद्यापीठ आलं. तलवारी बनवणारे लहान कारखाने गावात आहेत. लंडनच्या विल्किन्सननंही २००५ मध्ये तलवारी घडवणं थांबवलं. आज आपल्या सैन्याच्याच नव्हे, परदेशी सैन्यांच्याही समारंभी तलवारी देहरादूनला बनतात, ही गोष्ट पुण्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

तोलेदोची पाती आपल्याकडे फार पूर्वीच आली होती. १५८० ते १६४० ही साठ वर्षं स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या मुकुटाखाली होते, म्हणजे तोलेदो आणि गोवा एकाच धन्याचे. त्याआधी आणि त्यानंतरही पोर्तुगीज जहाजांतून युरोपी पाती कोकण किनाऱ्याला उतरत राहिली. काही तोलेदोची, काही जर्मनीतल्या सोलिंगेनची. सोलिंगेनचे लोहार तर तोलेदोच्या नामांकित कारागिरांची नावं आपल्या पात्यांवर बेलाशक ठोकत. मराठ्यांनी ही पाती हौसेनं घेतली आणि मुठी मात्र आपल्या बसवल्या. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला भेट गेलेली आणि आता तिथल्या राजसंग्रहात असलेली तलवार अशीच. पात्याच्या पन्हळीत येशूच्या नावाची तीन रोमन अक्षरं, आणि मूठ अस्सल देशी.

या जातीची एक तलवार आता महाराष्ट्राची झाली आहे, आणि रसग्रहण करायचं तर तिच्यासारखी तलवार नाही. नागपूरकर भोसल्यांचे संस्थापक पहिले रघूजी यांची फिरंग, म्हणजे युरोपी पात्याची तलवार. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनला सदबीजच्या लिलावात ती निघाली, राज्य सरकारनं ४७ लाख १५ हजार रुपये मोजून मिळवली, आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत ती लोकांना बघायला ठेवली गेली.

रघूजी हे काही दरबारात बसून राहिलेले सरदार नव्हते. शाहू छत्रपतींनी त्यांना सेनासाहेबसुभा ही पदवी दिली. १७४० मध्ये तेव्हाच्या कर्नाटकातल्या दामलचेरीच्या खिंडीत त्यांच्याशी लढताना नबाब दोस्त अली पडला, पुढच्या वर्षी त्रिचनापल्लीला त्याचा जावई चंदासाहेब हाती लागला, आणि त्यानंतर दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या चालल्या. १७५१ च्या तहानं ओडिशाचा मोठा मुलूख आणि सालाना बारा लाखांची चौथ पदरात पडली. बंगालमध्ये या स्वाऱ्यांची आठवण निराळी आहे. तिथल्या अंगाईगीतात आजही बर्गी, म्हणजे मराठा स्वार, येतात ते मुलांना घाबरवायला. तलवार बघताना ही बाजूही डोळ्यांपुढे असलेली बरी, म्हणजे पाहणं खरं होतं.

पातं युरोपी, सरळ, एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची. मुल्हेर म्हणजे नाशिक जिल्ह्यात बागलाणातलं. आपल्या मुठीचं शास्त्र युरोपीय मुठीच्या अगदी उलट आहे. वर रुंद तबकडी, मधे जेमतेम हात मावेल एवढी पकड. युरोपीय माणूस अशी मूठ हातात घेतो आणि म्हणतो, ही लहान आहे. ती लहान मुद्दाम आहे. तबकडी आणि परज यांच्यात हात असा जखडला जातो की मनगट पुढे झुकवून टोक रोखणं अवघड होतं, आणि खांद्यापासून सगळा हात ओढत वार करणं सोपं. अंगठ्याला पाठीवर जागाच नाही. पातं भोसकण्याच्या देशात जन्मलं आणि त्याला मूठ मिळाली कापणाऱ्यांची. ही विसंगती आहे असं कुणाला वाटेल. मला तो मराठ्यांचा चोखंदळपणा वाटतो. पोलाद त्यांचं चांगलं, ते घेतलं; पण हात आपला, घोडा आपला, वार करायची रीत आपली, ती त्यांनी पात्यासाठी बदलली नाही. लांब सरळ पातं घोड्यावरून खालच्या माणसापर्यंत पोचतं, एवढा त्याचा गुण पुरेसा होता.

मुठीवर सोन्याची नक्षी आहे. पोलादावर सोनं बसवण्याची आपली रीत म्हणजे कोफ्तगिरी. आधी टोकदार छिन्नीनं पोलादाचा पृष्ठभाग आडव्याउभ्या बारीक चऱ्यांनी खरबरीत करायचा, इतका बारीक की डोळ्यांना नुसता मळकट रंग दिसावा. मग सोन्याची केसासारखी तार त्यावर नक्षीबरहुकूम ठेवायची आणि हातोडीनं हलके ठोकत जायची. चऱ्यांच्या दातांत मऊ सोनं रुततं. शेवटी गुळगुळीत दगडानं घोटलं की चऱ्या मिटतात आणि सोनं पोलादातून उगवल्यासारखं दिसतं. तोलेदोत आजही हीच कला चालते, हीच चऱ्यांची युक्ती. तिथे ती अरबांच्या काळापासून रुजलेली. म्हणजे एका टोकाला तोलेदोचे पोलाद घडवणारे आणि सोनं जडवणारे, दुसऱ्या टोकाला आपले. पोलाद समुद्रावरून आलं, सोन्याची विद्या दोघांकडे होती.

पण या तलवारीवरची सगळ्यात मोलाची गोष्ट मुठीवर नाही. ती पात्याच्या पाठीवर आहे, मुठीजवळ. तिथे सोन्यानं देवनागरीत मालकाचं नाव, त्याची पदवी आणि शस्त्राची जात असं कोरलेलं आहे. मराठ्यांच्या शस्त्रांवर नाव सापडणं दुर्मीळ. रघूजींच्या तलवारीवर ते आहे, आणि कुठे आहे हे महत्त्वाचं. पात्याच्या रुंद बाजूवर ते लिहिलं असतं तर पहिल्याच लढाईत, म्यानात घासून, पुसून, घासणीच्या भुकटीनं ते उडालं असतं. धारेवर लिहिता येत नाही. पाठ ही पात्याची एकच जागा अशी, जिला वार लागत नाही आणि म्यानही फारसं घासत नाही. जेमतेम करंगळीच्या नखाएवढी रुंदी. लिहिणाऱ्यानं तिथे अक्षरं बसवली, एकाखाली एक नाही, एका ओळीत. म्हणजे तलवार कुणाची आहे हे तिच्या समोरच्याला कळत नाही; ते कळतं धरणाऱ्यालाच, मूठ हातात असताना मान किंचित झुकवली तर. काम करणाऱ्या भागाला हात न लावता दागिना कुठे घालावा, याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसऱ्या शस्त्रावर पाहिलेलं नाही. मुठीच्या तबकडीला हिरवं कापड गुंडाळलेलं आहे. त्याचा धागा न् धागा आता विरत चालला आहे, आणि शस्त्रात सगळ्यात आधी जातं ते कापडच. ते टिकवण्याकडे सोन्याइतकंच लक्ष द्यायला हवं.

या तलवारीनंतर आपल्याकडच्या सत्कारांतल्या तलवारी बघवत नाहीत. शाल, श्रीफळ आणि तलवार ही आता राजकीय व्यासपीठावरची रीतच झाली आहे. पिवळ्या मुलाम्याची मूठ, तीत लाल-हिरव्या काचा, मखमली म्यान, आणि उपसली की थरथरणारं पत्र्याचं पातं. पातं मुठीत कसंबसं खिळ्यानं अडकवलेलं. सन्मानाची भावना खोटी नसते, पण ज्याचा मान करायचा त्याच्या हातात स्वतःचं वजनही न पेलणारी वस्तू द्यायची, हे मला खटकतं. सजावट करायला हरकत नाही. मुठीत पातं खोलवर रुतलेलं असावं, परज हाताला झाकणारी असावी, तोल सांभाळलेला असावा, मग सोनं चढवा. पुण्याच्या शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन एकदा तिथली शस्त्रं बघितली तरी कारागिराला आणि मागणी करणाऱ्याला यातलं बरंच कळेल.

समारंभाच्या तलवारीचं खरं दर्शन खडकवासल्याला होतं, नोव्हेंबर आणि मे महिन्याच्या अखेरीस, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या दीक्षान्त संचलनात. मैदानाचं नाव खेत्रपाल परेड ग्राउंड. १९७१ मध्ये पूना हॉर्सच्या रणगाड्यात लढताना पडलेल्या अरुण खेत्रपाल यांचं. म्हणजे ज्या घोडदळानं तलवारी बाजूला ठेवून रणगाडे घेतले, त्याच्याच वीराच्या नावाच्या मैदानावर किर्च सलामी देते. सलामीची हालचाल दोन टप्प्यांची. पातं उभं, परज ओठांच्या उंचीला येते आणि क्षणभर थांबते. मग हात उजवीकडे खाली उतरतो आणि टोक जमिनीकडे वळतं. पहिल्या टप्प्याची परंपरा अशी सांगतात की युरोपी सरदार मुठीच्या क्रुसाला ओठ लावत. ते काही असो, मला त्यातलं दुसरं काम दिसतं. परज तोंडासमोर येते तेव्हा नक्षी, सिंह, वळवलेली कड हे सगळं एका सेकंदासाठी धरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतं. बाकी वेळ मूठ मनगटाखाली असते. कारागिरानं परजेच्या समोरच्या बाजूएवढीच मेहनत आतल्या बाजूवर का घ्यावी, त्याचं कारण हा सेकंद आहे. मे २०२५ च्या तुकडीतून प्रबोधिनीच्या पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या. त्यांच्या हातांसाठी पकडीची जाडी आणि परजेतली जागा नव्यानं मापून बघायला हवी, कारण किर्चेची पकड एका ठरावीक पंजाला धरून घडलेली आहे, आणि पकड हाताला बसली नाही तर सलामीचा दुसरा टप्पा डगमगतो.

रघूजींची तलवार शेवटी ज्या संग्रहालयात राहील तिथल्या मंडळींना माझी एक विनंती आहे. तलवार काचेत आडवी, पात्याची रुंद बाजू समोर, अशी ठेवायची सगळीकडे पद्धत आहे. या तलवारीला ती चालणार नाही. तशी ठेवली तर सोन्याची ओळ वर, छताकडे तोंड करून राहते आणि बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही. पाठ बघणाऱ्याच्या बाजूला किंचित झुकवून ठेवा, मूठ छातीच्या उंचीला असू द्या, आणि उजेड तिरका सोडा, म्हणजे अक्षरं चकाकतील आणि पात्यावरचे जुने ओरखडेही दिसतील. शेजारी त्याच वजनाची, त्याच मापाच्या मुठीची एक साधी, बिनधारेची प्रतिकृती साखळीनं बांधून ठेवता आली तर फार उत्तम. शाळेतल्या पोरांनी ती मूठ धरून बघावी, आणि टोक समोर रोखायला मनगट का वळत नाही हे आपल्याच हाताला विचारावं.